महागडी इलेक्ट्रिक गाडी बदलवताना : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका ब्रँडची इलेक्ट्रिक गाडी काही वर्षं वापरून झाली, आता दुसऱ्या ब्रँडकडे जायचं आहे, असं विचारणारे लोक नागपुरात वाढले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "मर्सिडीज घेऊ की बीएमडब्ल्यू?" असाच असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात राहणाऱ्याने ऊन, घरचं अर्थिंग आणि गावातलं सर्व्हिस सेंटर या तीन गोष्टी आधी बघाव्यात, बॉनेटवरचा लोगो नंतर. खालची उत्तरं याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

मुळात ब्रँड बदलवावाच का? त्याच कंपनीची नवी गाडी घेतली तर?

सर्व्हिसवाले तुम्हाला ओळखतात, फोन उचलतात, गाडी वेळेवर देतात, असं असेल तर राहा तिथेच. ब्रँड बदलायला सबळ कारण म्हणजे सर्व्हिसचा त्रास, किंवा आता लागते तशी गाडी त्या कंपनीकडे नसणं. आईबाबा सोबत राहायला आले आणि तिसरी रांग हवी झाली, आठवड्याला अमरावती किंवा चंद्रपूरची फेरी सुरू झाली, तर कारण खरं आहे. नुसता स्क्रीनचा कंटाळा आला असेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

माझ्या गाडीला इतका कमी भाव का सांगतात? पेट्रोलवाल्या मित्राला चांगला मिळाला.

कारण नवी गाडीच स्वस्त होत चालली आहे. बीएमडब्ल्यूची आयएक्स-वन सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरून बनून आली तेव्हा एक्स-शोरूम ६६.९० लाखांना होती. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईत तयार होणारी, लांब व्हीलबेसची आयएक्स-वन ४९ लाखांना आली. दोन्हींत फरक आहे, पहिलीला दोन मोटर होत्या, दुसरीला एक. पण जुनी घ्यायला आलेला माणूस हा फरक ऐकून घेत नाही. नवी इतक्या स्वस्तात मिळत असताना जुनीला मी किती देऊ, एवढंच तो विचारतो. प्रत्येक ब्रँडमध्ये कमीअधिक हेच झालं आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे बॅटरीचा रिपोर्ट. मूल्यांकन करायला आलेला मुलगा गाडी सुरू करतो, डॅशबोर्डवर उरलेले किलोमीटर बघतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. तो आकडा बॅटरीची तब्येत सांगत नाही. गाडी अलीकडे कशी चालवली त्यावरून तो काढलेला असतो. आदल्या दिवशी तुम्ही एसी लावून समृद्धी महामार्गावर १२० ने आला असाल, तर ठणठणीत बॅटरीसुद्धा कमी रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) दाखवेल. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा छापील रिपोर्ट आधी काढून ठेवा आणि बोलणी त्यावरून करा. सोबत बॅटरी वॉरंटीचा कागद ठेवा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल तेवढी बॅटरी वॉरंटी असते. मर्सिडीजच्या ईक्यूएसला १० वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर आहे. घेणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती बॅटरीचीच असते. उरलेली वॉरंटी त्याच्या नावे जाते का, हे कंपनीकडून लेखी घेतलं तर भावात फरक पडतो.

एक्सचेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी?

बाहेर विकली तर पैसे सहसा जास्त मिळतात, डोकेदुखीही जास्त. व्यक्तीने व्यक्तीला जुनी गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यवसाय करणाऱ्याला मात्र इलेक्ट्रिक गाडीच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेने तो १२ वरून १८ वर नेला. डीलर हे पैसे तुमच्या भावातूनच वजा करतो, म्हणून त्याचा आकडा तुम्हाला कमी वाटतो.

बाहेरचं गिऱ्हाईक शोधायला वेळ असेल तर शोधा. नागपुरात लाखो रुपयांची जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणारे लोक मोजके आहेत आणि ते एकमेकांना ओळखतात. त्यामुळे गाडीला कुठे काय लागलं होतं ते लपवू नका, दुसऱ्या दिवशी सगळीकडे कळतं.

गाडी फर्मच्या नावावर आहे.

मग विकण्याआधी सीएकडे जा. हिशेबात घसारा (वापराने गाडीची घटलेली किंमत) घेतलेला असेल तर विक्रीची किंमत वजा घसाऱ्यानंतर उरलेली किंमत, या फरकावर जीएसटी येतो. फरक उणे असेल तर येत नाही. नव्या गाडीच्या बिलात १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लागलेला असतो (दहा लाखांवरच्या प्रत्येक गाडीला लागतो), तो रिटर्नमध्ये वळता करून घ्यायला विसरू नका.

आरटीओचं काय काय लागतं?

नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ सुद्धा. एमएच ३१, एमएच ४९ आणि एमएच ४० ही तीन वेगळी कार्यालयं आहेत. गाडी शहर, पूर्व नागपूर की ग्रामीणची, हे आरसीवर बघूनच निघा, नाहीतर अर्धा दिवस जातो.

गाडी अधिकृत जुन्या-गाडी डीलरला देत असाल तर फॉर्म २९-सी भरून ती त्याच्या ताब्यात गेल्याची ऑनलाइन नोंद करा. ही सोय एप्रिल २०२३ पासून आहे आणि तिला मी फार महत्त्व देतो. नावबदल महिनोनमहिने रखडला आणि त्या काळात गाडीने कोणाला ठोकलं, तर नोटीस आरसीवरच्या मालकाच्या घरी येते.

नव्या गाडीवर टॅक्स? मध्येच सहा टक्क्यांचं काहीतरी ऐकलं होतं.

मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर लावायचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि नंतरच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातही करमाफी कायम राहिली. नव्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. कोटेशनमध्ये "रोड टॅक्स" म्हणून मोठी रक्कम दिसली तर कशाची ते विचारा.

पहिल्या गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळत होती. नव्या कर्जावर मिळेल?

नाही. कलम ८०ईईबीची दीड लाखापर्यंतची सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, तीही जुन्या करप्रणालीत. तुमचं कर्ज त्या काळातलं असेल तर ते बंद केल्यावर सूटही संपेल. हिशेबात हे धरा. शिवाय वाहनकर्ज बहुधा फिक्स्ड व्याजदराचं असतं आणि मुदतीआधी फेडायला शुल्क लागतं. बँकेकडून आकडा मागवा.

इन्शुरन्सचा नो-क्लेम बोनस गाडीसोबत जातो का?

तो मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन कंपनीकडून पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीत लावा. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एवढ्या महाग गाडीत ही रक्कम लहान नसते. शोरूममधल्या घाईत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

घरचा चार्जर नव्या ब्रँडला चालेल का?

प्लग चालेल. भारतात घरच्या एसी विजेवर चार्जिंगला टाइप टू आणि डीसी फास्ट चार्जिंगला सीसीएस टू हेच सगळीकडे आहे, टेस्लाही इथे तेच घेऊन आली. अडचण दोन ठिकाणी येते. एक, काही वॉलबॉक्स (भिंतीवरचे चार्जर) जुन्या ब्रँडच्या ॲपला किंवा कार्डाला बांधलेले असतात, ते खुले करून घ्यावे लागतात. दोन, फेज. सिंगल फेजवर जास्तीत जास्त ७.४ किलोवॅट मिळतात, ११ किलोवॅटसाठी थ्री फेज लागतो. ६६ किलोवॅट-तासाची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला पहिल्यावर साडेपाच तास, दुसऱ्यावर चारच्या आत. रात्रभर गाडी उभीच असते, त्यामुळे केवळ वेगासाठी महावितरणकडे लोड वाढवायचा खटाटोप मी सुचवत नाही.

खरी अडचण अर्थिंगची, आणि हे उत्तर जरा लांबलं तरी वाचा. "जुनी गाडी याच पॉइंटवर इतकी वर्षं चार्ज झाली, नवी होत नाही, म्हणजे नवीतच बिघाड" ही तक्रार एप्रिल-मे महिन्यांत ठरलेली. प्रत्येक ब्रँडची सहनशक्ती वेगळी. एक गाडी कमकुवत अर्थिंगवर मुकाट चार्ज होते, दुसरी लाल दिवा लावून थांबते. थांबणारी गाडी बरोबर वागते आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि रोध वाढतो. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तोच पॉइंट आपोआप सुधारतो आणि लोकांना वाटतं अपडेटने झालं.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. गाडी चार्जिंगला लावून, म्हणजे लोडवर, पुन्हा मोजा. रिकाम्या लाइनवर चांगलं दिसणारं अर्थिंग ३२ अँपिअर चालू झाले की उघडं पडतं. आकडा वाढला तर चार्जरसाठी वेगळा खड्डा करा, केमिकल अर्थिंग करा, आणि तोवर जुन्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाका. जोडीला चार्जरची स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. हे काम नवी गाडी यायच्या आधी करून घ्या.

४५-४६ अंशांत कोणता ब्रँड टिकतो?

नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची बॅटरी द्रवाने थंड ठेवली जाते, उन्हाने गाडी बंद पडण्याची भीती बाळगू नका. फरक पडतो तो आरामात आणि चार्जिंगच्या वेळेत. फास्ट चार्जिंग सुरू असताना बॅटरी थंड करायचं आणि केबिन थंड करायचं, दोन्ही कामं एकच कॉम्प्रेसर करतो. दुपारी तीन वाजता वर्धा रोडवर चार्जरला लावून आत बसलात, तर काही गाड्यांत एसी मंद होतो, काहींत चार्जिंगचा वेग पडतो. कोणती गाडी काय करते हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी फुटाळ्याला चक्कर मारून संपवू नका. दुपारी दोन ते चारच्या मध्ये, उन्हात तासभर उभी राहिलेली गाडी मागा. मागच्या सीटवर घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा. डोक्यावर काच असेल तर पडदा आहे का ते बघा. टेस्लाच्या मॉडेल वायसारख्या गाडीत छताला पडदा येत नाही, काचेवरच्या थरावर भरवसा ठेवावा लागतो. थंड हवेच्या सीट मला इथे सनरूफपेक्षा दहापट महत्त्वाच्या वाटतात. काळं लेदर घेऊ नका.

वापरताना एवढं सांभाळा की भर उन्हात गाडी शंभर टक्के भरून उभी करू नका. पन्नास-साठवर ठेवा, निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच ॲपवरून केबिन थंड करा. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडीचं दारही धड उघडत नाही, आणि उष्णतेने ती लवकर म्हातारी होते. उन्हाळ्याआधी तपासून घ्या.

मी ऐंशी टक्क्यांवरच चार्जिंग थांबवतो. नव्या गाडीलाही तेच करू?

बॅटरी कशाची आहे त्यावर ठरतं. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्या आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी आहे, तिला रोजची ऐंशीची सवय चांगली. बीवायडीच्या सील आणि सीलायन सेव्हनमध्ये लोह-फॉस्फेटची ब्लेड बॅटरी आहे. ती उष्णता जास्त सोसते, आणि तिचा टक्क्यांचा आकडा खरा राहावा म्हणून अधूनमधून शंभरपर्यंत भरावी लागते. ब्रँड बदलल्यावर जुनीच सवय रेटली तर मीटर चुकतं आणि मग "गाडी वीस टक्क्यांवरून एकदम खाली आली" असं होतं.

समृद्धीवर कागदावरची रेंज मिळेल का?

नाही मिळणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो. माझा ठोकताळा असा : १२० चा वेग, एसी चालू, तर कागदी आकड्याच्या साठ टक्के धरा. कागदावर ५३१ किलोमीटर लिहिलं असेल तर तीनशेच्या थोडं वर. त्यातही पूर्ण बॅटरी आपण कधी वापरत नाही. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर आहे. समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, शिवमडक्याहून, निघताना वाटेतला पहिला आणि दुसरा, असे दोन चार्जर ठरवून ठेवा आणि ते चालू आहेत का हे सकाळी ॲपवर बघा.

बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त पंक्चर किट असतं. काँक्रीटचा तापलेला रस्ता, जड गाडी आणि १२० चा वेग, यात टायर फाटला तर किट उपयोगाचं नाही. स्टेपनी बसू शकणारी गाडी मिळत असेल तर माझं मत तिला. निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा, आणि टायर बदलताना कंपनीने सांगितलेल्या भारक्षमतेचेच घ्या.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. तरी प्रवासानंतर मेसेज बघा, पैसे कापले असतील तर परतावा मागा. नव्या गाडीचा फास्टॅग नवा घ्या आणि जुन्याचा लगेच बंद करा, नाहीतर नवा मालक तुमच्या पैशाने फिरतो.

८०० व्होल्टची गाडी घेतली तर चार्जिंग अठरा मिनिटांत होतं म्हणतात.

३५० किलोवॅटच्या चार्जरवर होतं. तुम्ही ज्याच्यासमोर उभे आहात तो ६० किलोवॅटचा असेल तर ८०० व्होल्टचं काही चालत नाही, तास लागायचा तो लागतोच. तुमच्या नेहमीच्या वाटेवर किती किलोवॅटचे चार्जर आहेत ते मोजा, मग त्यासाठी जास्त पैसे द्या.

सर्व्हिस सेंटरला नेमकं काय विचारायचं?

शोरूममधल्या सेल्सवाल्याला काही विचारू नका. मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जा आणि मॅनेजरला विचारा : हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ इथे नागपुरात किती? बॅटरी उतरवायची वेळ आली तर ते काम इथे होतं की गाडी पुण्या-मुंबईला ट्रकवर जाते? जाते तर खर्च कोणाचा आणि तोवर दुसरी गाडी देता का? पुढची काच फुटली तर तिथला कॅमेरा इथेच जुळवून मिळतो का?

ईक्यूएस चाकणला जोडली जाते, व्होल्वोची ईएक्स-फोर्टी बंगळूरजवळ होसकोटेला. तरी महागाचे भाग बाहेरूनच येतात. पूर्ण आयात होणाऱ्या गाडीत तर बंपरसाठीही थांबावं लागू शकतं. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईपासून सुरुवात केली. गाडी कितीही आवडली तरी दुरुस्ती आठशे किलोमीटरवर असेल, तर ती घरातली एकमेव गाडी म्हणून मी कोणालाही सुचवणार नाही.

गाडी ड्रायव्हर चालवतो. त्याला शिकवावं लागेल का?

हो, आणि पहिल्याच दिवशी. आपण चालवलेल्या जपानी, कोरियन आणि देशी गाड्यांत इंडिकेटर बहुधा उजव्या हाताला असतो. मर्सिडीजमध्ये उजव्या दांडीवर गिअर असतो. शंकरनगर चौकात वळताना सवयीने उजवी दांडी खाली-वर केली की गिअर हलतो. तेच ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडीचा वेग आपोआप किती कमी होतो याचं. एका ब्रँडमध्ये ते स्टीअरिंगमागच्या पॅडलने कमीजास्त होतं, दुसऱ्यात स्क्रीनवरून, तिसऱ्यात बदलताच येत नाही. ड्रायव्हरला सकाळी लवकर मिहानच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा आणि समजेपर्यंत चालवू द्या. त्याला ॲपचं स्वतंत्र लॉगिन द्या, तुमचं देऊ नका.

बेसमेंटमध्ये पार्किंग आणि चार्जर आहे. पावसाळ्यात धोका?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या लोकांना विचारा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, बेसमेंटमधल्या गाड्या बुडाल्या. बॅटरीला पाण्यापासून चांगलं संरक्षण असतं, पण तासन् तास बुडालेल्या गाडीची हमी कोणी देत नाही. पाणी उतरल्यावर ती सुरू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. सर्व्हिसला फोन करून टो करूनच न्या. नवी पॉलिसी घेताना बॅटरी आणि पाण्याच्या नुकसानीचं वाढीव कव्हर घ्या. चार्जर भिंतीवर जमेल तितका उंच लावा.

मुहूर्तावर गाडी हवी आहे, पण सौदा चांगला व्हावा.

पितृपक्षात शोरूम रिकामी असतात, तेव्हा बोलणी करा आणि भाव लेखी घ्या. डिलिव्हरी दसऱ्याला घ्या, टेकडी गणपतीला नेऊन पूजा करा. फक्त दसऱ्याच्या गर्दीत गाडी ताब्यात घेताना तपासणी होत नाही, म्हणून आदल्या दिवशी जाऊन रंग, टायर, चार्जिंग केबल आणि चार्जिंग लागतंय का हे बघून या. डिसेंबरात सूट मोठी मिळते, पण गाडी त्या वर्षाची गणली जाते. लवकर विकायचा विचार असेल तर ते महागात पडतं.

जुनी गाडी देताना काय द्यायचं, काय काढून घ्यायचं?

दोन्ही चाव्या, पोर्टेबल चार्जर, टाइप टू केबल आणि सर्व्हिसचे कागद द्या. चाव्या द्यायच्या आधी ॲपमधून गाडी स्वतःच्या खात्यातून काढा, फोनमधली डिजिटल चावी रद्द करा आणि गाडी फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर तुमच्या घराचा पत्ता आणि फोनमधली माणसं नव्या मालकाकडे जातात, आणि त्याची गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहतं. दोन्ही वाईट. तुम्ही स्वतः जुनी घेत असाल तर हेच आधीच्या मालकाकडून समोर बसवून करून घ्या, पैसे त्यानंतर. त्याचं खातं निघाल्याशिवाय अनेक ब्रँडमध्ये तुमचं जोडलंच जात नाही, आणि माणूस परगावी गेला की कंपनीशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.